‘कोल्ह्याची चाके’ आणि पोर्शची टोपणनावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात जुन्या पोर्श मोटारी आणि त्यांच्या चाहत्यांमध्ये रूढ असलेली टोपणनावे या विषयावर पानभर लेख प्रसिद्ध झाला. मोटारींविषयी मराठी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा किंमत, मायलेज आणि कर्जाचा हप्ता यांच्या पलीकडे जात नाही; त्यामुळे एका कारखान्याच्या गाड्यांभोवती साठ-सत्तर वर्षांत जी बोली तयार झाली, तिच्यासाठी कोणी अख्खे पान खर्च करावे याचे मला मनापासून कौतुक वाटले आणि मी तो लेख चष्मा पुसून वाचायला घेतला. तिसऱ्या परिच्छेदात ‘कोल्ह्याची चाके’ भेटली आणि मी तेथेच अडलो.

जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा अनुवाद करण्यात माझे नोकरीचे आयुष्य गेले असल्यामुळे ही चाके कोठून घरंगळत आली हे ओळखायला मला वेळ लागला नाही. माइनर्त्सहागेन या जर्मन गावातील ओटो फुक्स या कंपनीने पोर्शसाठी पाच पाकळ्यांची अ‍ॅल्युमिनियमची चाके बनवली. ती ओतीव नव्हती, घडीव होती, आणि म्हणूनच हलकी असूनही दणकट होती. १९६६ मध्ये ९११ एस या गाडीवर ती प्रथम दिसली आणि तेव्हापासून चाहते त्यांना नुसते ‘फुक्स’ म्हणतात. ‘फुक्स’ म्हणजे कोल्हा हे शब्दकोशाप्रमाणे खरेच आहे, परंतु येथे ते कारखानदाराचे आडनाव आहे. आपल्याकडे कोल्हे, लांडगे, वाघ ही आडनावे आहेतच. कोल्हे यांच्या गिरणीतून दळून आणलेल्या पिठाला कोणी कोल्ह्याचे पीठ म्हणत नाही. अनुवादकाने (किंवा अनुवाद करणाऱ्या यंत्राने, कारण हल्ली ते सांगता येत नाही) शब्द उचलला आणि वस्तूकडे पाहिलेच नाही. लेखातील बाकीच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत, म्हणून हे पत्र नेहमीच्या पत्रापेक्षा लांबले तर क्षमा असावी.

माझे म्हणणे एवढेच आहे, की ही टोपणनावे केवळ गंमत म्हणून पडलेली नाहीत. गाडीच्या अंगातील एखादा गुण, एखादी खोड किंवा पत्र्याचा एखादा विशिष्ट आकार ज्यांनी जवळून पाहिला त्यांनी तो एका शब्दात बांधून ठेवला आहे. तो शब्द मराठीत आणताना आतला ऐवज सांडला, तर हाती नुसते फोलपट उरते.

या नावांची गरज का पडली हे समजण्यासाठी कारखान्याची स्वतःची नामकरणाची रीत पाहावी लागते. फर्डिनांड पोर्श यांनी १९३१ मध्ये स्टुटगार्टमध्ये अभिकल्पनेची कचेरी काढली आणि प्रत्येक कामाला क्रमांक द्यायला सुरुवात केली. पहिल्याच गिऱ्हाईकाला आपण नवशिके वाटू नये म्हणून हे क्रमांक एकऐवजी सातपासून सुरू केले, असे सांगतात. दुकान उघडल्या दिवशी पावतीपुस्तकाची पहिली काही पाने फाडून टाकणारा व्यापारी आपल्यालाही अनोळखी नाही. त्याच क्रमाने पुढे गेलेल्या ३५६ या कामातून, ऑस्ट्रियातील ग्म्युंड या लहानशा गावी, पोर्श या नावाची पहिली मोटार उभी राहिली आणि ८ जून १९४८ रोजी तिला रस्त्यावर धावण्याची परवानगी मिळाली. (त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १ जून १९४८ रोजी, पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान आपली पहिली एसटी धावली होती. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मला तो आवडतो.)

म्हणजे कारखान्याच्या वहीत केवळ आकडे होते आणि त्या आकड्यांनाही स्वस्थता नव्हती. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात जी नवी गाडी मांडली गेली तिचा क्रमांक ९०१ होता. मधोमध शून्य असलेल्या तीन आकडी क्रमांकांवर फ्रान्समध्ये आपला हक्क आहे, अशी हरकत पेजो या कंपनीने घेतली आणि १९६४ मध्ये शून्याच्या जागी एक लिहून ९११ हा क्रमांक ठरला. आपल्या लेखात हा बदल ‘शुभ अंकासाठी’ झाल्याचे म्हटले आहे; जर्मन अभियंते इतके श्रद्धाळू असल्याचा माझा अनुभव नाही. त्याच लेखात हा आकडा ‘नऊशे अकरा’ असा अक्षरांत छापला आहे, तोही कानाला खटकतो. जर्मनीत या गाडीला कोणी नऊशे अकरा म्हणत नाही. ‘नॉयन-एल्फ’, म्हणजे नऊ-अकरा, असे म्हणतात आणि लाडाने ‘नॉयन-एल्फर’ किंवा नुसते ‘एल्फर’. पत्ते खेळताना आपण सत्ती, अठ्ठी, नव्वी म्हणतो, तशीच ही आकड्याला प्रत्यय लावून केलेली घरगुती नावे आहेत. आपल्या पत्त्यांत अकरी नसते म्हणून, नाहीतर मी तोच शब्द सुचवला असता.

पुढे ९११ हे नाव दारावर कायम राहिले, पण आतील गाडी बदलत गेली आणि प्रत्येक बदलाला कारखान्याने आपला अंतर्गत क्रमांक दिला: ९३०, ९६४, ९९३, ९९६. खरा चाहता ‘माझ्याकडे ९११ आहे’ असे सांगत नाही. तो ‘माझी ९९३ आहे’ असे सांगतो, आणि त्या तीन आकड्यांत, ही हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची पिढी आहे आणि १९९८ मध्ये ती संपली, हे सारे ऐकणाऱ्याला कळते. १९७४ च्या मॉडेलवर्षाचे अक्षर ‘जी’ होते म्हणून त्या वर्षापासून १९८९ पर्यंतच्या साऱ्या गाड्यांना ‘जी-मॉडेल’ म्हणण्याची पद्धत पडली. आपल्या लेखकाने हा ‘जी’ म्हणजे ग्रँड असल्याचे लिहिले आहे. तो ग्रँड नाही, गणेशही नाही. वर्णमालेत एफच्या पुढचे अक्षर, इतकेच. तसेच सुरुवातीच्या ९११ च्या मागे लागणाऱ्या टी, ई आणि एस या अक्षरांतील ‘ई’ हे इकॉनॉमीचे नसून ‘आइनश्प्रिट्सुंग’ या शब्दाचे आद्याक्षर आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल पिचकारीने सोडण्याची पद्धत.

आता बदकाकडे येतो. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात कॅरेरा आरएस २.७ ही गाडी आली. शर्यतींच्या नियमानुसार अशा किमान पाचशे गाड्या विकणे आवश्यक होते. तेवढी गिऱ्हाइके मिळतील का, अशी विक्री विभागाला चिंता होती आणि प्रत्यक्षात दीड हजारांहून अधिक गाड्या गेल्या. तिच्या मागच्या झाकणावर जो उंचवटा आहे त्याला आपल्या लेखात ‘बदकाची शेपूट’ म्हटले आहे. चूक म्हणवत नाही, पण हा अनुवादाचा अनुवाद आहे. इंग्रज त्याला ‘डकटेल’ म्हणतात; मूळ जर्मन शब्द ‘एंटेनब्युर्त्सेल’ असा आहे आणि ‘ब्युर्त्सेल’ म्हणजे शेपूट नव्हे, तर पक्ष्याच्या पाठीचा तो मांसल शेवट, ज्यातून शेपटीची पिसे फुटतात. पाण्यावर तरंगणारे बदक बाजूने पाहावे: पाठ उतरत येते आणि अगदी शेवटी थोडीशी वर उचलली जाते. गाडीवर हुबेहूब तीच रेषा आहे आणि ती सजावटीसाठी नाही. ९११ ची पाठ विमानाच्या पंखासारखी उतरती असल्यामुळे वेग वाढला की वरून वाहणारी हवा गाडीचा मागचा भाग जमिनीवरून उचलू पाहते. तो छोटासा उंचवटा त्या हवेला पाठीवरून सुखासुखी घसरू देत नाही, आणि मागची चाके रस्त्याला चिकटून राहतात. गाडी वेगवान करण्यासाठी इंजिन मोठे करणे कोणालाही सुचते. पत्र्याच्या एका वळणाने ती रस्त्यावर दाबून धरणे, ही त्यामागची खरी करामत होती. मराठीत मी त्याला ‘बदकपाठ’ म्हणेन. याहून चांगला शब्द कोणी सुचवला तर आनंदच आहे.

बदकानंतर देवमासा आला. १९७४ च्या सुमाराच्या कॅरेरांवर आणि १९७५ च्या मॉडेलवर्षापासून टर्बो या ९११ च्या अधिक जोरदार आवृत्तीवर जो मोठा, पसरट, रबरी कडेचा पंख बसवला गेला त्याला ‘व्हेल टेल’, म्हणजे देवमाशाची शेपूट, म्हणतात; येथे मात्र शेपूटच बरोबर आहे. १९७८ च्या टर्बोत इंजिन ३.३ लिटरचे झाले, टर्बोमधून येणारी तापलेली हवा थंड करण्यासाठी इंजिनाच्या वर इंटरकूलर बसवावा लागला आणि त्याला जागा देण्यासाठी पंखाचा आकार बदलला. त्याची रबरी कड आता तिन्ही बाजूंनी वर वळलेली होती. चाहत्यांनी त्याला ‘टी ट्रे’ म्हटले, आणि तो खरोखरच चहाच्या ट्रेसारखा दिसतो. दोन कप ठेवले तर सांडणार नाहीत. आपल्या लेखात बदक, देवमासा आणि ट्रे ही एकाच वस्तूची तीन नावे असल्याप्रमाणे आलटून पालटून वापरली आहेत. बैलाच्या शिंगांवरून जात ओळखणाऱ्या शेतकऱ्यापुढे खिलार आणि डांगी एकच असे म्हणण्यासारखेच हे आहे.

ज्या शब्दासाठी मुख्यतः लेखणी उचलली तो शब्द याच टर्बोचा आहे. आपल्या लेखाचा मथळाच ‘विधवा बनवणारी गाडी’ असा होता आणि खाली जो मजकूर होता त्यात हे नाव एखाद्या पदवीसारखे मिरवले होते. इंग्रजीत ‘विडोमेकर’ आणि जर्मनमध्ये ‘विटवेनमाखर’ हे नाव ९३० क्रमांकाच्या टर्बोला पडले हे खरे आहे. ते का पडले, याविषयी मात्र लेखात ‘प्रचंड वेगामुळे’ यापलीकडे एक शब्द नाही. वेग हे कारण नव्हतेच. तेवढ्या वेगाच्या इतर गाड्याही त्या काळी होत्या.

कारण समजण्यासाठी आणखी एक जर्मन शब्द घ्यावा लागतो, जो लेखात आलाच नाही: ‘हेकश्लॉयडर’. हेक म्हणजे गाडीचा मागचा भाग आणि श्लॉयडर म्हणजे गोफण. ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवलेले असते, म्हणजे गोफणीतील दगड जसा दोरीच्या टोकाला असतो तसे सर्व वजन टोकाला. वळण घेत असताना चालक घाबरला आणि त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय अचानक उचलला, की गाडीचा भार पुढच्या चाकांकडे झुकतो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि मागचे जड टोक गोफणीसारखे बाहेरच्या बाजूला फिरते. इतर गाड्यांमध्ये भीती वाटली की पाय उचलणे हा शहाणपणा असतो. येथे तोच घात करतो. कारखान्याला हे ठाऊक होते. सुरुवातीच्या काही गाड्यांमध्ये समतोल साधण्यासाठी पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना अकरा-अकरा किलोची वजने बसवली होती. किराणा दुकानातील तराजूला पासंग लावावा तसा हा उपाय होता. १९६९ च्या मॉडेलवर्षापासून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवून दोन आसांतील अंतर वाढवले, तेव्हा ही खोड बरीच कमी झाली. म्हणूनच त्यापूर्वीच्या गाड्यांना चाहते आजही ‘शॉर्ट व्हीलबेस’ म्हणून वेगळे ओळखतात, आणि म्हणताना आवाजात थोडा आदर व थोडी धास्ती असते.

या गोफणीला १९७५ मध्ये टर्बो जोडला गेला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते आणि ते चक्र इंजिनात जास्त हवा कोंबते, ही त्यामागची कल्पना. पण इंजिनाच्या फेऱ्या पुरेशा वाढेपर्यंत ते चक्र जोर धरत नाही. चालक वळणात पाय दाबतो, काही होत नाही. आणखी दाबतो, तरीही काही होत नाही. आणि मग, नेमके वळणाच्या मध्यावर, २६० अश्वशक्ती एकदम हजर होतात. घाबरून पाय उचलावा तर गोफण फिरते. १९७८ नंतर ही शक्ती ३०० झाली आणि गिअर मात्र १९८९ च्या शेवटच्या गाड्या येईपर्यंत चारच राहिले, त्यामुळे इंजिन त्या जोराच्या पट्ट्यात टिकवणे आणखी अवघड होते. ‘विडोमेकर’ या एका शब्दात हे सगळे यंत्रशास्त्र बसलेले आहे. ती मूळची सूचना होती, धोक्याच्या वळणावरील पाटीसारखी. गाड्या जुन्या झाल्या, लिलावात किमती वाढल्या आणि त्या पाटीची पदवी झाली.

जर्मन कानांना हा शब्द तोवर नवा राहिला नव्हता, हेही येथे सांगायला हवे. पश्चिम जर्मन हवाई दलाने घेतलेल्या स्टारफायटर या लढाऊ विमानाला तेथील लोक हेच नाव देत असत आणि त्या विमानाच्या अपघातांत शंभराहून अधिक वैमानिक दगावले होते. म्हणजे शब्दामागे खऱ्या विधवा होत्या. मराठीत तर या शब्दाचे ओझे आणखी वेगळे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ मध्ये केला, तो अजून जुना झालेला नाही. अशा महाराष्ट्रात ‘विधवा बनवणारी’ हे शब्द रविवारच्या सकाळी मौजेचा मथळा म्हणून छापताना हात थोडा अडखळायला हवा होता, असे मला वाटते. मी स्वतः ‘कुंकूपुशी’ असा शब्द करून पाहिला. तो नेमका आहे, मराठी आहे, आणि त्यात धास्तीही आहे. तरीही तो मी वहीतच खोडला, कारण ज्या समजुतीतून आपण बाहेर पडू पाहतो तीच तो पुन्हा पक्की करतो. येथे ‘विडोमेकर’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवून पुढे दोन वाक्यांत गोफण समजावून सांगावी, हेच मला योग्य वाटते. प्रत्येक शब्दाचे मराठीकरण झालेच पाहिजे असा माझा हट्ट नाही.

याउलट जेथे मराठी शब्द हाताशी तयार होता तेथे आपल्या लेखकाने तो वापरला नाही, याचे वाईट वाटते. फ्रान्समधील ल मां येथे होणाऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९७१ साली ९१७/२० ही एकच एक गाडी उतरली होती. सेरा या फ्रेंच संस्थेच्या मदतीने केलेले तिचे अंग कमालीचे रुंद आणि गुबगुबीत होते. कारखान्याचे अभिकल्पना-प्रमुख अनातोल लापिन यांच्या विभागाने मग सरळ तिला गुलाबी रंग दिला, अंगावर खाटकाच्या दुकानातील तक्त्याप्रमाणे तुटक रेषा आखल्या आणि नाकाडापासून शेपटापर्यंत प्रत्येक तुकड्यावर त्याचे जर्मन नाव लिहिले. तिला ‘पिंक पिग’ म्हणतात. आपल्या लेखात हे नाव ‘प्रतिस्पर्ध्यांनी हेटाळणीने दिल्याचे’ म्हटले आहे. तसे नाही, ही थट्टा घरातीलच होती. जर्मन लोक तिला ‘दी झाउ’, म्हणजे डुकरीण, म्हणतात आणि ‘त्सुफनहाउझेनचा ट्रफल-शिकारी’ असेही तिचे एक नाव आहे (त्सुफनहाउझेन हे स्टुटगार्टमधील पोर्शच्या कारखान्याचे उपनगर). जमिनीखालची महागडी अळंबी हुंगून काढण्यासाठी युरोपात डुकरे वापरत, त्यावरून. शर्यत तिने पूर्ण केली नाही, अपघातामुळे मध्येच बाहेर पडली. तरीही पराभूत गाडीचे हे रूप इतके लोकप्रिय झाले, की २०१८ मध्ये त्याच शर्यतीत ९११ आरएसआर या गाडीला तोच गुलाबी वेष दिला गेला, आणि या वेळी डुकरिणीने आपला गट जिंकला.

आपल्या लेखकाने तिला ‘गुलाबी वराह’ म्हटले आहे. वराह हा अवतार आहे, हो! ज्या महाराष्ट्राने एका जर्मन गाडीलाच ‘डुक्कर’ म्हणून दाखवले आहे त्याला हा संस्कृत शब्द कशासाठी हवा होता? हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीची हान्झेआट ही तीनचाकी आपल्याकडे बजाज टेम्पोने बनवली. तिचे पुढे आलेले लांबट नाकाड पाहून पुण्यात आणि इतरत्र लोकांनी तिला जे नाव दिले ते कोणत्याही मार्केटिंग विभागाला सुचले नसते. तिच्या कंपनीचे नाव तर इतके मुरले, की ‘टेम्पो’ हे आता मराठीत सामान्यनाम झाले आहे. एसटीला ‘लाल डबा’ आणि ‘लालपरी’ ही दोन्ही नावे देणारे लोक एकच आहेत. टोपणनाव देण्याच्या बाबतीत मराठी माणसाला स्टुटगार्टकडून काही शिकायचे नाही. म्हणून तर अनुवादात तीच धार यावी अशी अपेक्षा आहे.

ही धार असती तर इतर काही नावेही सहज उतरली असती. १९९७ मध्ये आलेल्या ९९६ च्या पुढच्या दिव्यांत पांढऱ्या काचेला लागूनच नारिंगी इंडिकेटर होता आणि दोन्ही मिळून पसरट, वाहत गेलेला आकार झाला होता; जर्मनांनी त्याला ‘श्पीगेलआय’ म्हटले, लेखात ‘तळलेले अंडे’ आले आहे. आपल्या इराणी हॉटेलांनी या पदार्थाला कधीच ‘हाफ फ्राय’ हे नाव देऊन ठेवले आहे आणि ते उच्चारताच बलक डोळ्यांपुढे येतो. ३५६ च्या गोलसर अंगाला ‘पालथा बाथटब’ म्हणत. येथे ‘पालथे घंगाळ’ मला चालेल, घंगाळ गोल असते ही हरकत मान्य करूनही. फोक्सवागेनच्या भागीदारीतून आलेल्या ९१४ ला जर्मनीत ‘फोपो’ म्हणत, फोक्स आणि पोर्श यांची आद्याक्षरे जोडून. पूर्व जर्मनीच्या पोलिसांनाही लोक हेच म्हणत, त्यामुळे गाडी घेणाऱ्याला शेजाऱ्यांकडून काय ऐकावे लागले असेल याची कल्पना करता येते. हा श्लेष मराठीत आणता येत नाही आणि आणण्याचा प्रयत्नही करू नये.

‘मोबी डिक’ हे मात्र लेखात म्हटल्याप्रमाणे कंपनीने ‘बाजारात आणलेले मॉडेल’ नव्हते. १९७८ ची ९३५/७८ ही केवळ शर्यतीसाठी केलेली लांबलचक पांढरी गाडी होती, ल मांच्या सरळ रस्त्यावर तिने ताशी ३६६ किलोमीटरचा वेग गाठला होता, आणि तिच्या पांढऱ्या, अजस्र देहावरून तिला कादंबरीतील देवमाशाचे नाव पडले. कॅरेरा आणि टार्गा ही तर टोपणनावे नव्हेतच. ती कारखान्याने स्वतः लावलेली नावे आहेत, पहिले मेक्सिकोतील कॅरेरा पानामेरिकाना या शर्यतीवरून आणि दुसरे सिसिलीतील टार्गा फ्लोरिओवरून, जी शर्यत पोर्शने १९५६ ते १९७३ या काळात अकरा वेळा जिंकली. ‘टार्गा म्हणजे खुले छप्पर’ हे लेखातील वाक्य त्यामुळे उलटे आहे. इटालियन भाषेत टार्गा म्हणजे पाटी किंवा ढाल, आणि मोटारीच्या नंबरप्लेटलाही तोच शब्द आहे.

शेवटी खुद्द कंपनीच्या नावाविषयी. आपल्या एकाच पानावर ते ‘पोर्श’, ‘पोर्शे’ आणि ‘पॉर्शे’ असे तीन प्रकारे छापले गेले आहे. जर्मन उच्चारात शेवटी अर्धवट, हलका ‘अ’ असतो. तो ‘ए’ही नाही आणि पूर्णपणे गाळलेलाही नाही. हा स्वर इंग्रजांना आणि हिंदी भाषकांना समजावून सांगताना मी पुष्कळ दमलो आहे, पण मराठी माणसाला तो जन्मतः येतो: ‘एक वर्ष’ आणि ‘दोन वर्षं’ यांतील दुसरा शब्द आपण बोलताना जसा संपवतो, तसाच हा शब्द संपवायचा. लिहिताना ‘पोर्श’ पुरेसे आहे, वाचताना ‘वर्षं’ आठवावे. निदान एका पानावर एकच रूप राहील एवढे मुद्रितशोधकांनी पाहावे, ही विनंती.

लेखकाला नाउमेद करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी विषय निवडला तो उत्तमच आहे, आणि पुढील भागात ते इतर कारखान्यांच्या गाड्यांकडे वळणार आहेत असे लेखाच्या तळाशी म्हटले आहे, म्हणून हे सर्व वेळेवर कळवले. तोवर या भागातील एक दुरुस्ती मात्र अवश्य छापावी. लेखातील सर्वांत मोठ्या छायाचित्राखाली ‘१९७३ ची कॅरेरा आरएस, सुप्रसिद्ध बदकशेपटीसह’ अशी ओळ आहे. त्या छायाचित्रातील गाडीच्या मागच्या पंखाला काळी रबरी कड आहे आणि ती तिन्ही बाजूंनी वर वळलेली आहे. तो चहाचा ट्रे आहे. ती गाडी १९७३ ची असू शकत नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त तांत्रिक अनुवादक, पुणे